कागदावरचा पगार, हातातला पगार

आमच्या ओळखीतल्या एका मुलाला हिंजवडीत नोकरी लागली. काम संगणक-देखभालीचे. कुणाचा पासवर्ड अडला, कुणाचा प्रिंटर रुसला की धावायचे. पगार वर्षाला तीन लाख. घरात पेढे वाटले गेले. महिन्याला २५,००० धरून वडिलांनी धाकटीच्या कॉलेजच्या फीचाही हिशेब मांडला. खात्यात आले २१,२००.

नेमणूकपत्र आम्ही त्याच्यासोबत बसून वाचले. मूळ वेतन १२,५००. कंपनीने भरायचा १२ टक्के भविष्य निर्वाह निधी, म्हणजे १,५०० रुपये, तीन लाखांतच धरलेला. ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० तसेच. उरलेल्यातून त्याच्या वाट्याचे १,५०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले. फंडाचा पैसा बुडत नाही, हे आईला दोनदा सांगावे लागले!

वाचकहो, आम्हाला खोट दिसली ती वेळेत. २६ दिवस, रोज आठ तास धरले तर तासाला १०२ रुपये पडतात. सर्व्हर बंद पडला म्हणून रोज बारा तास थांबला, तर ६८. जादा कामाच्या मोबदल्याबद्दल पत्रात अक्षर नव्हते.

शेजारच्या टेबलावर हेच काम करणाऱ्याला किती मिळते, हे त्याने विचारलेच नव्हते. ‘नोकरी मिळाली हेच खूप’ हे ऐकत वाढलेली आपली मुले विचारायला कचरतात. शेवटी विचारले. तो कंपनीचा कायम नोकर, आपला मुलगा ठेकेदारामार्फत. फरक सहा हजारांचा. हा पगार रास्त नाही, असे आम्ही त्याला स्पष्ट सांगितले. आता सहा महिन्यांत सोडवलेल्या तक्रारींची यादी घेऊन तो सोमवारी साहेबांना भेटणार आहे.