इंजिनच्या व्हॉल्व्हवर कार्बन साचतो म्हणजे काय? क्लीनिंग कोणत्या गाडीला लागतं आणि कोणत्या गाडीला नाही?

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की ऑइल, फिल्टर, अलाइनमेंट यांच्या जोडीला बिलात अजून एक ओळ दिसायला लागली आहे : 'इंजिन डीकार्बन'. अमरावती असो की अकोला, काउंटरवरचा प्रश्न ठरलेला. "भाऊ, कार्बन क्लीनिंग करून टाकू का? पिकअप वाढते, अ‍ॅव्हरेज वाढते." हजार-दोन हजारांचा मामला असतो, इंजिनचं नाव निघालं की नाही म्हणायला धीर होत नाही, आणि आपण मान डोलावतो.

गंमत अशी की ज्या गाड्यांसाठी हे विचारलं जातं त्यातल्या पुष्कळ गाड्यांना त्याची गरजच नसते. आणि ज्या गाड्यांना खरंच गरज असते, त्यांच्या व्हॉल्व्हवरचा कार्बन या पद्धतीने निघत नाही. म्हणून पैसे देण्याआधी एकच गोष्ट पक्की करायची : आपल्या इंजिनमध्ये पेट्रोल नेमकं कुठे फवारलं जातं?

शब्द जुना, भानगड नवी

'डीकार्बन' हा शब्द गॅरेजवाल्यांनी आज शोधलेला नाही. तुमच्या बाबांना किंवा काकांना विचारा. टू-स्ट्रोक चेतक किंवा आरएक्स १०० मध्ये पेट्रोलसोबतच ऑइल जळायचं, त्यामुळे सायलेन्सर काजळीने चोंदायचा, गाडी ओढायची नाही, आणि मिस्त्री सायलेन्सर काढून तापवून झाडून द्यायचा. अ‍ॅम्बेसेडरच्या जमान्यात तर हेड उतरवून पिस्टनच्या डोक्यावरची काजळी खरवडणं हे ठराविक काळाने निघणारं कामच होतं. पुढे इंजिनं सुधारली, पेट्रोल सुधारलं, फ्युएल इंजेक्शन आलं आणि हे काम जवळजवळ संपलं.

मग आता पुन्हा कुठून आलं? याचं उत्तर आहे डायरेक्ट इंजेक्शन.

पेट्रोल कुठे पडतं, त्यावर सगळं अवलंबून

इंजिनमध्ये हवा आत जाते ती इनटेक व्हॉल्व्हमधून. साध्या इंजिनमध्ये, ज्याला आपण एमपीएफआय म्हणतो, इंजेक्टर या व्हॉल्व्हच्या अलीकडे, हवेच्या वाटेत बसवलेला असतो. पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो आणि मग हवेबरोबर आत जातो. पेट्रोल हे स्वतःच चांगलं सॉल्व्हंट आहे, त्यात डिटर्जंटही मिसळलेलं असतं. म्हणजे गाडी चालते तसतसा व्हॉल्व्ह आपोआप धुतला जातो.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत असतो. साध्या इंजिनमध्ये पेट्रोलचं प्रेशर तीन-चार बार पुरतं, इथे ते दीडशे-दोनशे बार आणि नव्या इंजिनांत साडेतीनशे बारपर्यंत जातं. फायदा मोठा : छोट्या इंजिनमधून जास्त ताकद, आणि मायलेजही बरं. जपानच्या मित्सुबिशीने १९९६ मध्ये गॅलंट गाडीत हे तंत्र आणलं आणि पुढे सगळ्या जगाने उचललं. पण आता व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोलचा थेंबही पडत नाही. धुणारं कोणीच उरलं नाही.

आणि मळवणारे मात्र तिथेच आहेत. पिस्टनच्या रिंगमधून थोडा गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये निसटतो. तो ऑइलची वाफ घेऊन पीसीव्ही नावाच्या नळीतून परत हवेच्या वाटेत सोडला जातो, कारण उघड्यावर सोडणं प्रदूषणाच्या नियमात बसत नाही. ही तेलकट वाफ गरम व्हॉल्व्हवर बसते, भाजते, त्यावर दुसरा थर बसतो. तव्याच्या कडेला वर्षानुवर्षांचं तेल कसं काळं, कडक होऊन बसतं, तसंच. थर जाड झाला की हवेची वाट अरुंद होते, कधी व्हॉल्व्ह नीट टेकत नाही, प्रत्येक सिलिंडरला हवा कमी-जास्त मिळते.

तुमची गाडी कोणत्या गटात?

इथे एक गैरसमज काढून टाकू : टर्बो म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन नव्हे. टाटा नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल आणि निसान मॅग्नाइटचं १.० टर्बो ही दोन्ही इंजिनं टर्बो आहेत, पण इंजेक्शन साधं, हवेच्या वाटेतलं. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, वॅगनआर, ह्युंदाईचं १.२ पेट्रोल, टाटा टियागो हे सगळे याच गटातले. ड्युअलजेट नाव ऐकून दचकू नका, तिथे एका सिलिंडरला दोन इंजेक्टर असतात, पण दोन्ही व्हॉल्व्हच्या अलीकडेच. या गाड्यांमध्ये व्हॉल्व्ह सहसा स्वच्छ राहतो. फार तर थ्रॉटल बॉडी मळते, ती साफ करणं छोटं काम आहे.

डायरेक्ट इंजेक्शनवाल्या गाड्या ओळखायच्या त्यांच्या नावावरून. फोक्सवॅगन-स्कोडाची टीएसआय (२०१३ ची पोलो जीटी टीएसआय, आता टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हिया), ह्युंदाई-कियाची टर्बो जीडीआय (व्हेन्यू, सोनेट, सेल्टॉस, क्रेटा टर्बो), महिंद्राची टीजीडीआय किंवा एमस्टॅलियन (थार, स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही ७०० पेट्रोल), मारुतीची बूस्टरजेट (बलेनो आरएस, फ्रॉन्क्स टर्बो). नावात 'डीआय' दिसलं की कान टवकारायचे. टोयोटाने काही इंजिनांत दोन्हीकडे इंजेक्टर बसवून हा प्रश्न मुळातच मिटवला. महाग पण शहाणा उपाय.

डिझेल गाड्यांची कथा वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

लक्षणं, आणि फोनवर काय दिसतं

व्हॉल्व्ह मळल्याची लक्षणं हळूहळू येतात, म्हणून आपल्याला सवय होऊन जाते. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन अर्धा-एक मिनिट थरथरतं, मग ठीक होतं. आपल्याकडे हे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जास्त जाणवतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना इंजिन कधी धड थंडच होत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात सगळं ठीक वाटतं. दुसरं लक्षण घाटात : परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, एक गिअर जास्तच उतरवावा लागतो. कधी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो.

इथे तुमचा फोन कामी येतो. ओबीडी स्कॅनर नावाचं आगपेटीएवढं उपकरण ऑनलाइन स्वस्तात मिळतं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचं, ब्लूटूथने फोनशी जोडायचं, 'कार स्कॅनर' किंवा 'टॉर्क'सारखं अ‍ॅप उघडायचं. आयफोन असेल तर घेताना बघून घ्या, जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचे स्वस्त स्कॅनर आयफोनला चालत नाहीत, वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला लागतो. पी०३०० हा कोड आला तर इंजिन कुठेतरी मिसफायर करतंय, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये, पी०३०२ म्हणजे दुसऱ्या, असा हिशेब.

पण कोड दिसला म्हणजे कार्बनच, असं समजू नका. मिसफायरची पहिली संशयित म्हणजे स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल. साधी चाचणी आहे. दुसऱ्या सिलिंडरचा कोड येतोय ना, मग त्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावायला सांगा. कोड तिसऱ्यावर सरकला तर दोष कॉइलचा, कार्बनचं नाव घ्यायचं कारण नाही. प्लगचंही तसंच करता येतं. हे तपासल्याशिवाय जो थेट क्लीनिंग सुचवतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लग-कॉइल ठीक निघाले तर डोळ्यांनी बघायचं. फोनला लागणारा बोरस्कोप कॅमेरा मिळतो, पातळ वायरच्या टोकाला लाइटसह छोटा कॅमेरा. इनटेक मॅनिफोल्ड काढून, काही गाड्यांत नुसता एखादा सेन्सर काढून त्या भोकातून, व्हॉल्व्हची पाठ फोनच्या स्क्रीनवर दिसते. स्वच्छ व्हॉल्व्ह धातूचा दिसतो, तपकिरी छटा असली तरी काळजी नाही. मळलेला व्हॉल्व्ह जळालेल्या भाकरीसारखा दिसतो, काळा, खडबडीत, पापुद्रे आलेला.

मग साफ कसा करायचा?

पेट्रोलच्या टाकीत ओतायची बाटली डायरेक्ट इंजेक्शनच्या व्हॉल्व्हला काहीच करत नाही. कारण वर आलंच आहे, टाकीतलं काहीही व्हॉल्व्हच्या पाठीवर पोचत नाही. इंजेक्टरचं तोंड साफ व्हायला तिचा उपयोग होतो, तेवढाच. ई-२० पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दलही हेच.

हायड्रोजन मशीन हल्ली फार दिसतं. गाडी अर्धा तास चालू ठेवून नळीतून गॅस सोडतात. हा गॅस जळतो तो सिलिंडरच्या आत. बाहेरच्या बाजूला व्हॉल्व्हवर भाजून बसलेला थर त्याने सुटेल, याला पटेल असं कारण मला तरी दिसत नाही. नंतर गाडी 'हलकी' वाटते, पण पैसे दिल्यावर ती वाटतेच. खरं कळायला क्लीनिंगच्या आधीचा आणि नंतरचा व्हॉल्व्हचा फोटो मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

चालू इंजिनच्या हवेच्या वाटेत मारायचे स्प्रे थोडंफार काम करतात, थर पातळ असेल तर. जाड थरावर मात्र धोका आहे : सुटलेला कडक तुकडा सिलिंडरमधून टर्बोच्या पात्यांकडे आणि पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊ शकतो. आणि द्रव एकदम जास्त गेला तर पिस्टनला तो दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

खरं काम होतं ते मॅनिफोल्ड उतरवून. यात सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे अक्रोडाच्या टरफलाचा भुगा दाबाच्या हवेने व्हॉल्व्हवर मारणं, वॉलनट ब्लास्टिंग. हसू नका, यामागे साधा विचार आहे. टरफल कार्बनपेक्षा कडक, पण व्हॉल्व्हच्या स्टीलपेक्षा मऊ. त्यामुळे थर उडतो आणि धातूवर ओरखडा येत नाही. वाळू वापरली असती तर इंजिन संपलं असतं. काम करताना इंजिन हाताने फिरवून त्या सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करतात, बाकीची भोकं कापडाने बुजवतात, आणि बाजूला लावलेला व्हॅक्युम भुगा ओढून घेतो. एक सिलिंडर झाला की इंजिन फिरवून पुढचा. यातली मुख्य पायरी म्हणजे व्हॉल्व्ह बंद असणं. ती चुकली तर भुगा सिलिंडरमध्ये जातो.

हे मशीन प्रत्येक गॅरेजात नसतं. अमरावती-अकोल्यात चौकशी करा, नाही मिळालं तर नागपूरला फोन लावा. अमरावतीहून दीडशे किलोमीटर म्हणजे सकाळी जाऊन मुक्काम करून यायचं काम. मशीन नसेल तरी हाताने करता येतं : तसेच व्हॉल्व्ह बंद करायचे, सॉल्व्हंट ओतून भिजत ठेवायचं, नायलॉन ब्रशने घासायचं, ओढून काढायचं, पुन्हा ओतायचं. वेळखाऊ आहे, अख्खा दिवस जातो, पण धीराचा मिस्त्री असेल तर रिझल्ट चांगला येतो. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडणारा दिसला तर तिथेच थांबवा.

डिझेलवाल्यांसाठी

वऱ्हाडात जुन्या स्विफ्ट डिझेल, बोलेरो, इनोव्हा अजून भरपूर फिरतात. त्यांच्यात ईजीआर व्हॉल्व्ह सायलेन्सरकडचा थोडा धूर परत इंजिनमध्ये पाठवतो. धुराची काजळी आणि पीसीव्हीची तेलकट वाफ एकत्र आली की मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा चिकट लेप बसतो. पिकअप पडतो, काळा धूर वाढतो. इथे ईजीआर आणि मॅनिफोल्ड खोलून धुणं हे खरंच उपयोगाचं काम आहे. ईजीआर कायमचा बंद करून देतो म्हणणारेही भेटतील. ते बेकायदा आहे, आणि बीएस-६ गाडीत त्याने नवीन दुखणी सुरू होतात.

बीएस-६ डिझेलमध्ये अजून एक गोष्ट असते, डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती गरम झाली की साचलेली काजळी स्वतः जाळते, पण त्यासाठी गाडी सलग एका वेगात पळायला हवी. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, आठवतं ना? डीपीएफचा दिवा लागला तर तोच रस्ता धरा, अर्धा तास सलग चालवा, बहुतेक वेळा दिवा विझतो. मात्र "हायवेला एकदा पिळली की कार्बन उडतो" हे डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलच्या व्हॉल्व्हला लागू नाही. भाजलेला थर वेगाने सुटत नाही. हायवे रनिंगने नवीन थर सावकाश बसतो, एवढंच.

थर उशिरा बसावा यासाठी कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरा आणि ते वेळेत बदला. झाडाखाली एसी लावून तास-तास इंजिन चालू ठेवायची सवय कमी करा. राजकमल चौक ते गाडगेनगर एवढीच रोजची धाव असेल तर महिन्यातून दोनदा तरी गाडी लांब काढा.

गाडी टाकताना मिस्त्रीला इतकं विचारा : "दादा, मॅनिफोल्ड उतरवणार ना? गॅस्केट नवीन टाकणार ना? आधी-नंतरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाल?" जुनं गॅस्केट परत बसवलं तर हवा गळते आणि नवाच कोड येतो. काम झाल्यावर स्कॅनरने जुने कोड पुसून घ्या. पहिले एक-दोन दिवस आयडलिंग थोडं वर-खाली झालं तर घाबरू नका, कॉम्प्युटर हवेचा नवा हिशेब शिकत असतो. आठवड्याने पुन्हा स्कॅनर लावून बघा.