पेंग्विन सर्वांचा, कोल्हा मोझिलाचा

लिनक्स ही संगणकाची मुक्त कार्यप्रणाली पाच वर्षांची झाली तेव्हा, १९९६ साली, ती घडवणाऱ्यांमध्ये बोधचिन्हाची चर्चा रंगली. ॲलन कॉक्स यांनी पेंग्विन सुचवला आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना तो मनापासून पटला. मात्र रुबाबदार पक्षी त्यांना नको होता. हेरिंग मासे पोटभर खाऊन ढेकर देत निवांत बसलेला, जरा गुबगुबीत पेंग्विन हवा होता. लॅरी ईविंग यांनी तो ‘गिम्प’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्येच रंगवला. त्याचं नाव पडलं ‘टक्स’.

या चित्रात संगणकाचं काहीच नाही. तरी ते रुजलं. टक्स गोंडस आहे हे खरंच, पण त्याहून मोलाची आहे ईविंग यांनी दिलेली परवानगी: चित्र कुणीही वापरावं, हवं तसं बदलावं, कुणी विचारलंच तर आपलं आणि गिम्पचं नाव सांगावं. म्हणूनच टक्स ‘सुपरटक्स’ या खेळाचा नायक होऊ शकला. २००९ मध्ये तर लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६.२९ आवृत्तीपुरती त्याची जागा पेंग्विनची खोटी चोच लावलेल्या टास्मानियन डेव्हिलने घेतली. चेहऱ्यावरच्या संसर्गजन्य कर्करोगाने हा प्राणी संकटात होता. त्याकडे जगाचं लक्ष वेधायचं होतं.

फायरफॉक्स या ब्राउझरचं तसं नाही. गोलाला वेढणारा तो ज्वालांचा कोल्हा देखणा आहे, पण कोड खुला असला तरी नाव आणि चिन्ह तो बनवणाऱ्या मोझिला संस्थेचा ट्रेडमार्क. लिनक्सवर आधारित ‘डेबियन’ या प्रणालीने फायरफॉक्स दिला, मात्र चिन्हाच्या अटी मुक्त नसल्याने ते वगळलं. चिन्ह नको तर नावही वापरता येणार नाही, आणि आमच्या संमतीशिवाय फेरफारही नकोत, असं मोझिलाने २००६ मध्ये बजावलं. मग डेबियनवर तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ नावाने मिळू लागला, तो थेट २०१६ पर्यंत! मोझिलाची काळजी रास्त होती: कुणीही बदललेला ब्राउझर त्याच नावाने वाटला, तर वापरणारा फसू शकतो. पण ज्यांनी प्रेमाने सॉफ्टवेअर लोकांपर्यंत नेलं, त्यांनाच वेगळी पाटी लावावी लागली, हे खटकतंच.

नवा प्रकल्प सुरू करणाऱ्यांनी रंग-आकारावर खल करण्याआधी चिन्हाचा परवाना ठरवावा. डेबियनने स्वतःपुरता तोडगा काढला होता. त्यांनी दोन चिन्हं ठेवली: लाल भोवरा सर्वांसाठी, आणि बाटलीतून भोवरा निघतो ते चिन्ह फक्त प्रकल्पाच्या अधिकृत कामासाठी.