तीव्र पक्षाघातातील कवटीची शस्त्रक्रिया : जीव आणि अपंगत्व

मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीत गुठळी अडकून तिच्या क्षेत्राचा बहुतांश भाग मृत झाला, तर पुढील काही दिवसांत तो सुजतो. प्रौढाची कवटी ताणली जात नसल्यामुळे ही सूज निरोगी भागाला आणि श्वासोच्छ्वास चालवणाऱ्या मेंदूस्तंभाला दाबू लागते. केवळ औषधोपचारांवर अशा रुग्णांपैकी सुमारे 80 टक्के दगावतात, असे जर्मनीतील हाके व सहकाऱ्यांनी 1996 साली नोंदवले.

यावरील उपाय म्हणजे ‘डिकंप्रेसिव्ह हेमिक्रेनिएक्टमी’. तीत बाधित बाजूच्या कवटीचा किमान 12 सेंटिमीटर व्यासाचा तुकडा काढून, ड्युरा हे मेंदूचे जाड आवरण उघडून सुजलेल्या मेंदूला बाहेरच्या दिशेने जागा करून दिली जाते. काढलेले हाड पोटाच्या त्वचेखाली किंवा अतिशीत पेटीत जपून ठेवतात आणि सूज ओसरल्यावर, बहुधा काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, पुन्हा बसवतात.

मृत झालेला मेंदू मात्र या शस्त्रक्रियेने परत येत नाही. 2007 साली तीन युरोपीय चाचण्यांतील 60 वर्षांपर्यंतच्या 93 रुग्णांची माहिती एकत्र तपासली असता, 48 तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 78 टक्के, तर न झालेल्यांपैकी 29 टक्के रुग्ण वर्षभरानंतर जिवंत होते. आधाराविना चालू शकणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे 43 आणि 21 टक्के होते. म्हणजे अधिक वाचलेल्यांपैकी अनेकांना चालण्यासाठी व दैनंदिन गरजांसाठी दुसऱ्याची मदत लागत होती. साठीनंतर चित्र अधिक कठीण आहे : 2014 च्या चाचणीत या वयातही शस्त्रक्रियेने मृत्यू घटले, पण पूर्णपणे स्वावलंबी असा एकही रुग्ण आढळला नाही.

शस्त्रक्रियेची वेळच येऊ नये म्हणून गुठळीवर वेळीच उपचार हवेत, हे ज्ञान पुण्यातील धायरीसारख्या सिंहगड रस्त्यावरील दाट वस्तीच्या उपनगरात घरोघरी पोहोचणे आवश्यक आहे, कारण शेजारच्या नऱ्ह्यात काशीबाई नवले वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असले, तरी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि वाहतूक कोंडीत गेलेला वेळ परत मिळत नाही. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे दिसताच, मेंदूचा सीटी स्कॅन चोवीस तास होणाऱ्या रुग्णालयात रुग्णाला तत्काळ न्यावे. शस्त्रक्रियेचा प्रश्न आलाच, तर कुटुंबाने ‘जीव वाचेल का’ याबरोबरच ‘वाचल्यावर कोणते आयुष्य वाट्याला येईल आणि ते रुग्णाला मान्य झाले असते का’ हेही डॉक्टरांना विचारावे. त्याचे उत्तर ऐकूनच संमतिपत्रावर सही करावी.