लग्नानंतर नाव बदलावे काय?

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, संस्थेकडून आजवर शिष्यवृत्ती घेतलेल्या विद्यार्थ्यांची यादी स्मरणिकेत छापावी असे विश्वस्त मंडळाने ठरवले आणि ती तयार करण्याचे काम आम्हां शिक्षकांकडे आले. जुन्या वह्या काढल्या, नावे उतरवून घेतली आणि आम्ही पत्ते शोधू लागलो. मुलगे फारसा त्रास न देता सापडले. कोणी बँकेत आहे, कोणाचे सुलतान बाजारात दुकान आहे, कोणी पुण्यास स्थायिक झाला आहे. नाव सांगितले की माणूस हाती लागे. मुलींच्या नावांपाशी मात्र घोडे पेंड खाऊ लागले. वहीत नाव होते, दिलेली रक्कम होती, वडिलांची सही होती. पण त्या नावाच्या बाई आज कोणालाच ठाऊक नव्हत्या. पुढे योगायोगाने कळले की, त्यांतल्या एक बाई काचिगुड्यात आमच्या रोजच्या वाटेवरच शिकवणीचे वर्ग चालवतात. दारावर त्यांच्या नावाची पाटी आहे; पण आमच्या वहीतील नावाचा एकही शब्द त्या पाटीवर नाही.

या प्रसंगावरून जो प्रश्न मनात आला, त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. लग्न झाल्यावर पतिपत्नींपैकी कोणी आपले नाव, आडनाव बदलावे काय? बदलल्याने काय साधते आणि काय हातचे जाते?

प्रथम आपल्या शहरातील वस्तुस्थिती पाहू. हैदराबादेतील शाळेत एकाच बाकावर तीन मुली बसलेल्या असतात, एक मराठी, एक तेलुगू आणि एक मुसलमान. दाखल-खारीज रजिस्टरात तिघींची नावे तीन तऱ्हांनी लिहिलेली असतात. मराठी मुलीचे नाव तीन पदरी : स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. तेलुगू मुलीच्या नावाआधी एक आद्याक्षर असते. ते तिच्या घराण्याच्या नावाचे, म्हणजे ‘इंटिपेरु’चे. मुसलमान मुलीच्या नावात पुष्कळदा आडनाव नसतेच. नावाला बेगम, सुलताना, फातिमा असे जोडपद असते आणि वडिलांचे नाव निराळ्या रकान्यात असते.

आता या तिघींची लग्ने झाली असे समजा. रूढीप्रमाणे तेलुगू मुलीचे आद्याक्षर बदलेल. तिचे स्वतःचे नाव तसेच राहील. मुसलमान मुलीच्या नावातील काहीच बदलणार नाही. निकाहनाम्यावर ती अमुकाची ‘बिन्त’, म्हणजे कन्या, म्हणून नोंदली जाईल. मराठी मुलीचे मात्र वडिलांचे नाव जाऊन पतीचे नाव येईल, माहेरचे आडनाव जाऊन सासरचे येईल आणि घरी जुनी चाल पाळत असतील, तर ताटात पसरलेल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने तिचे नवे नाव लिहिले जाऊन पेढे वाटले जातील. म्हणजे तिन्ही पदरांतला एकही उरणार नाही. काचिगुड्याच्या पाटीचे कोडे येथे उलगडते.

ही चाल किती खोल गेलेली आहे, हे आपल्या थोर स्त्रियांच्या चरित्रांवरून दिसते. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळवणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी या माहेरच्याही जोशीच. आडनाव बदलण्याचा प्रश्नच नव्हता; तरी ‘यमुना’ होत्या त्या लग्नानंतर ‘आनंदी’ झाल्या. रमाबाई रानडे याही माहेरी यमुनाच, कुर्लेकरांच्या. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले ते विभावरी शिरूरकर या नावाने. लेखिकेचे खरे नाव बाळूताई खरे, आणि विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. एकाच व्यक्तीची ही तीन नावे आहेत, हे आमच्या विद्यार्थिनींना दर वर्षी नव्याने सांगावे लागते.

यावर कोणी म्हणेल, नाव काय फक्त बायकांचेच बदलते? दत्तक गेलेल्या पुरुषाचेही बदलतेच की! हे खरे आहे. कवळाण्याचे गोपाळराव गायकवाड १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. त्यांचेही आडनाव तेच राहिले व नाव बदलले. परंतु दत्तक ही हजारांत एखाद्याची गोष्ट आणि तिचा दत्तकपत्रात लेख होतो. जुने नाव व नवे नाव यांची सांगड कागदावर राहते. लग्न ही घरोघरची गोष्ट आणि तांदळावर लिहिलेले नाव संध्याकाळी भातात शिजून जाते. सांगड ठेवण्याची कोणाला आठवणही होत नाही. आमचे जे म्हणणे आहे ते एवढेच, की दुखणे नाव बदलण्यात तितके नाही, जितके ही सांगड तुटण्यात आहे.

जुन्या दफ्तरांत ही सांगड सांभाळलेली दिसते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व राज्यात होता. तिकडच्या कागदांत पुरुषाच्या नावापुढे ‘वल्द’ आणि बापाचे नाव येई. स्त्रीच्या नावापुढे ‘जौजे’, अथवा मराठीत ‘भ्र.’, म्हणजे भ्रतार, असे लिहून नवऱ्याचे नाव येई. सुमनबाई भ्र. रामराव. यात बाईची ओळख नवऱ्यावरून दिली जाई हे खरे. पण तिचे नाव निराळे व नवऱ्याचे निराळे हे कागदच सांगत असे. प्रत्येकाला आडनाव पाहिजेच, हा आग्रह छापील अर्जांतील रकान्यांनी वाढवला.

मुसलमान समाजातील रिवाजाचे मूळ धर्मात आहे. दत्तक घेतलेल्या मुलांनाही त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावानेच ओळखावे, अशी आज्ञा कुराणाच्या अहजाब या सूऱ्यात आहे. प्रेषितांच्या पत्नी विवाहानंतरही खदीजा बिन्त खुवैलिद, आयेशा बिन्त अबू बक्र अशाच ओळखल्या गेल्या. पण यावरून आमच्याकडे सारे आलबेल आहे, असे मात्र कोणी समजू नये. हैदराबादच्या प्रसिद्ध उर्दू लेखिका व शिक्षणकार्यकर्त्या सुघरा हुमायून मिर्झा यांनी पतीचे नाव लावलेच होते. आणि नाव न बदलण्याचेही त्रास असतात. आमच्या पत्नीच्या नावाचा आमच्या नावाशी काडीचाही मेळ नाही. अर्जातील आडनावाच्या रकान्यात तिच्यापुढे ‘बेगम’ पडते, आमच्यापुढे दुसरेच काही, आणि मुलांपुढे तिसरेच. एकदा परगावी मुलाला रुग्णालयात ठेवावे लागले, तेव्हा ती त्याची आई आहे, हे पटवण्यासाठी आम्हांस निकाहनाम्याची प्रत मागवावी लागली. मूल आत कण्हत होते आणि आम्ही दारात कागदाची वाट पाहत उभे होतो. तेव्हा एका कुटुंबाचे एक आडनाव असावे, असे ज्यांना वाटते त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण याविषयी सुशिक्षितांतही गैरसमज फार आहेत. १९५४ चा विशेष विवाह कायदा असो की १९५५ चा हिंदू विवाह कायदा असो, पत्नीने पतीचे नाव लावलेच पाहिजे, असे कोठेही म्हटलेले नाही. मुस्लिम कायद्यातही तसे बंधन नाही. पतीने पत्नीचे आडनाव घ्यावयाचे ठरवले, तर त्यालाही मनाई नाही. पारपत्रासाठी स्त्रियांनी लग्नानंतर नाव बदलण्याची आवश्यकता नाही, असे पंतप्रधानांनी एप्रिल २०१७ मध्ये जाहीर केले. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ठरवले की, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहावे.

मुलांच्या आडनावाचा एक महत्त्वाचा निर्णय तर आपल्या तेलुगू प्रदेशातील खटल्यातूनच झाला. पतीच्या मृत्यूनंतर एका आईने पुनर्विवाह केला व मुलाला नव्या घराचे आडनाव दिले. आजी-आजोबा न्यायालयात गेले. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने मुलाचे मूळ आडनाव पुन्हा लावावे, असे सांगितले. पण २८ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि पित्याच्या पश्चात आई हीच मुलाची नैसर्गिक पालक असल्याने आडनाव ठरवण्याचा अधिकार तिचा आहे, असा निर्वाळा दिला. एका आडनावाचे घर सांधणे आणि नव्या घरात मुलाला परके वाटू न देणे, हाही आडनावाचा एक उपयोग आहे, हे यातून ध्यानात येते.

परदेशांत दोन्ही टोके आढळतात. जपानात १८९८ च्या नागरी संहितेपासून पतिपत्नींचे आडनाव एकच असावे लागते. कोणाचे घ्यावे हे कायदा सांगत नाही. पण बहुतेक सर्व जोडपी नवऱ्याचेच घेतात. या नियमास तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ व २०२१ साली घटनासंमत ठरवले. उलट कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८१ पासून पतिपत्नींनी आपापल्या जन्मनावानेच व्यवहार करावयाचा असतो. पत्नीस हौस असली तरी पतीचे आडनाव सरकारी कागदावर घेणे सोपे नाही. एके ठिकाणी एकत्वाची सक्ती, तर दुसरीकडे वेगळेपणाची. आपल्या देशात कायद्याने हा निर्णय माणसांवर सोडला आहे, ही आम्हांस चांगली गोष्ट वाटते. मात्र कायद्याने दिलेली मोकळीक घरात पोचत नाही, हीच खरी अडचण आहे. लग्नाच्या याद्या करताना मानपान, देणेघेणे, जेवणावळी यांची तासन्‌तास चर्चा होते. मुलीच्या नावाचे काय करावयाचे, हे तिला कोणी विचारीत नाही.

सरोजिनीदेवींचे उदाहरण आपल्या शहरातील आहे. हैदराबादेत १८७९ साली जन्मलेल्या सरोजिनी चट्टोपाध्याय यांनी १८९८ साली डॉ. गोविंदराजुलू नायडू यांच्याशी जाती व प्रांत ओलांडून विवाह केला आणि नायडू हे नाव अखेरपर्यंत मोठ्या प्रेमाने मिरवले. त्यांचे बंधू हरींद्रनाथ यांच्या पत्नी कमलादेवी पुढे पतीपासून विभक्त झाल्या. तरीही चट्टोपाध्याय हेच आडनाव त्यांनी जन्मभर ठेवले, कारण त्या नावाने त्यांनी स्वतःचे कार्य उभे केले होते. एका घरातून लेक एक आडनाव सोडून गेली व सुनेने तेच विभक्त झाल्यावरही सोडले नाही. दोघींपैकी चूक कोणाची? आमच्या मते कोणाचीच नाही; कारण आपले नाव काय असावे, हे दोघींनीही आपल्या इच्छेने ठरवले.

तेव्हा आमचे मत थोडक्यात सांगतो. नाव बदलावे की न बदलावे, हे जिचे नाव आहे तिने ठरवावे, आणि ते लग्नापूर्वी, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांसमोर मोकळेपणाने बोलून ठरावे. दहावीच्या मेमोवर व पदवीवर जे नाव आहे, ते कष्टाने कमावलेले असते. नोकरी, बँक, आधार व पॅन या सर्व ठिकाणी तेच ठेवले, तर पुढची यातायात वाचते. बदलावयाचेच असेल, तर एकदाच आणि रीतसर बदलावे. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातील जाहिरात व राजपत्रातील प्रसिद्धी हे सोपस्कार पुरे करून त्यांच्या प्रती जन्मभर जपाव्यात. एका कागदावर माहेरचे व दुसऱ्यावर सासरचे नाव असे अर्धवट ठेवू नये. सर्वाधिक हाल अशांचेच होतात. पेन्शनसाठी किंवा वारसाहक्कासाठी ‘या दोन्ही नावांची बाई मीच’, हे सिद्ध करावयास शाळेत आलेल्या वृद्ध विद्यार्थिनी आम्ही पाहिल्या आहेत. ज्या शाळेत आपण पहिल्या आलो, तिथेच आपली ओळख पटवावी लागावी, याचे दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसते.

संस्थेपुरते सांगावयाचे, तर आमच्या विनंतीवरून विश्वस्त मंडळाने शिष्यवृत्तीच्या वहीत एक नवा रकाना घातला आहे : जन्मनाव. मुलगा असो वा मुलगी, पुढे नाव बदलले तर नवे नाव शेजारी लिहावयाचे, जुने खोडावयाचे नाही. या स्मरणिकेच्या शेवटी दिलेल्या यादीतही जेथे कळली तेथे दोन्ही नावे छापली आहेत. काचिगुड्याच्या बाईंना आम्ही ते पान दाखवले, तेव्हा आपल्या पहिल्या नावावर त्यांनी बोट ठेवले आणि म्हणाल्या, “हे नाव आता मला हाक मारणारे कोणी उरले नाही; छापलेत, बरे केलेत.”

यादीतील कित्येक मुलींच्या जन्मनावापुढची जागा अद्याप कोरी आहे. वाचकहो, त्यांतील कोणी आपली आई, मावशी, वहिनी वा शेजारीण असेल. एकवार त्यांना त्यांचे लग्नापूर्वीचे नाव विचारा, आणि ओळख पटली तर संस्थेच्या कार्यालयास अवश्य कळवा.