ओहोटीच्या वेळेचं छायाचित्र

छायाचित्रांविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ. पण समुद्राच्या बाबतीत मला ते सोयीचं वाटतं. समुद्राचं चित्र म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच येतं : बुडता सूर्य, एक होडी, माडाची झावळी. कॅलेंडरवाल्यांनी ते इतक्या वेळा छापलं आणि आम्ही कवींनी इतक्या वेळा लिहिलं, की किनाऱ्यावर वेगळं काही असेल असं कुणाला वाटतच नाही. मला बोलायचं आहे ते पायांखालच्या समुद्राबद्दल.

मुंबईत हाजीअलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट आपल्याला ठाऊक आहे. भरतीला ती पाण्याखाली जाते, ओहोटीला मोकळी होते. भाविक वेळ बघून निघतात. वाटेबरोबर आजूबाजूचे काळे खडकही उघडे पडतात आणि त्यांच्या खाचखळग्यांत पाणी साचून राहतं. वरून पाहिलं तर डबकं. वाकून, पाच मिनिटं हलू न देता नजर ठेवली तर त्यात समुद्रफुलं उमललेली दिसतात, रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटलेले खेकडे चालताना दिसतात, बिनकवचाच्या रंगीत समुद्री गोगलगाई दिसतात, नशीब असेल तर ऑक्टोपससुद्धा. आणि प्रवाळ. होय, मुंबईच्या गढूळ पाण्यात जिवंत प्रवाळ आहेत.

या दुनियेचं दार चंद्र उघडतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. हिशेब ढोबळ आहे, नेमकी वेळ कोष्टकातच पाहावी. पण त्यातून एक गंमत कळते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास मुंबईला उधाणाची भरती येते ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे. म्हणजे पाणी सर्वांत लांब हटतं ते सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास, ऊन कोवळं असताना! छायाचित्रकाराला आणखी काय हवं? अष्टमीला भांगाची भरती. पाणी फारसं हटत नाही आणि हटतं तेही भर दुपारी. त्या दिवशी घरी बसावं.

पाणी पूर्ण हटण्याच्या तासभर आधी पोचावं आणि ते फिरलं की निघावं. भरती सुरुवातीला अगदी हळू चढते, माणूस गाफील राहतो, आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला ती सर्वांत वेगाने येते. शेवाळावर पाय सरकतो तो वेगळाच. कालवं काढणाऱ्या कोळणी कुठून चालतात ते बघावं. त्यांना विचारलं तर आणखी चांगलं, त्या कुठलं डबकं बघण्यासारखं आहे तेही सांगतील.

आता कॅमेरा. डबक्याच्या चित्रात पहिली अडचण चकाकीची. पाण्यावर आकाशच उमटतं, आतला जीव दिसत नाही. पोलरायझर नावाचा फिल्टर भिंगापुढे लावून फिरवला की तिरपं बघताना ही चकाकी बरीच कमी होते. अगदी सरळ वरून मात्र त्याचा उपयोग नाही. तिथे आपली साधी काळी छत्री कामाला येते. डबक्यावर सावली धरली की तळ दिसू लागतो. माझ्या मते किनाऱ्यावर जाताना दुसऱ्या भिंगापेक्षा छत्री न्यावी. फेसाळ लाटा आणि पांढरी वाळू कॅमेऱ्याला फसवतात. तो सगळं करडं करून टाकतो, म्हणून प्रकाश थोडा वाढवून घ्यावा लागतो. घरी आल्यावर भिंग कोरड्या फडक्याने पुसू नये, मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं.

हे झालं तंत्र. खरी कसोटी पुढे आहे. चित्र चांगलं यावं म्हणून जीव उचलून उन्हात ठेवणारे लोक मी पाहतो. खडकाखालचा जीव दगड उलटून शोधला आणि दगड तसाच टाकला, तर त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेली सगळी वस्ती उन्हात वाळते. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला गर्दी होते. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये तिथे अंडी राखायला सुरुवात केली आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला. ही पिल्लं क्षितिजावरच्या उजेडाच्या दिशेने चालतात. अशा वेळी फ्लॅश मारणं म्हणजे वाटसरूला मुद्दाम चुकीचा रस्ता सांगणं.

आणि एवढा खटाटोप कशासाठी? नुसत्या सुंदर चित्रासाठी असता तर मी इतकं बोललो नसतो. २०१७ मध्ये मुंबईतल्या काही हौशी आणि अभ्यासू मंडळींनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम सुरू केला. ओहोटीच्या वेळी चालायचं, दिसेल त्याचं छायाचित्र घ्यायचं, नोंद करायची. नंतर सागरी किनारा मार्गासाठी याच खडकांवर भराव पडू लागला. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची परवानगी रद्द केली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. प्रवाळांचा प्रश्न त्या वादात होता, कारण वन्यजीव कायद्याचं त्यांना संरक्षण आहे. २०२० मध्ये हाजीअली-वरळीकडच्या प्रवाळांच्या १८ वसाहती खरवडून दुसरीकडे लावल्या गेल्या. रस्ता हवा की नको, यावर दोन मतं असू शकतात. पण 'तिथे काही नव्हतंच' असं म्हणायची सोय छायाचित्राने उरत नाही.

म्हणून चित्राखाली चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : तारीख, वेळ, खडकाची जागा आणि जीव अंदाजे किती बोटं लांब होता. नाव माहीत नसलं तरी चालेल. नाव सांगणारा अभ्यासक पुढे कधीतरी भेटतो. तारीख मात्र नंतर सांगता येत नाही.