लॅपटॉप जागा, टचपॅड झोपलेलाच

माधवनगरच्या एखाद्या दुकानात बिलं करायला लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप मजेत चालतो. पण झाकण मिटून दुपारी जेवायला जावं आणि परत येऊन उघडावं, तर कधी कधी पडदा उजळतो, कीबोर्ड चालतो, बाण मात्र जागचा हलत नाही.

दोष बहुधा टचपॅडचा नसतो. ‘सस्पेंड’मध्ये रॅम सोडून बहुतेक भागांची वीज तोडली जाते. जागी झालेली टचपॅडची चिप आधीचं सारं विसरलेली असू शकते. ड्रायव्हर मात्र जुनंच संभाषण पुढे रेटतो. कित्येक टचपॅड आयबीएमने १९८७ साली आणलेल्या पीएस/२ पद्धतीनेच बोलतात, हेही गमतीचंच.

उपाय कीबोर्डवरूनच होतो. उबंटूत कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून टर्मिनल उघडावं. आधी ‘सुडो मॉडप्रोब -आर पीएसमाउस’, मग तीच आज्ञा ‘-आर’ गाळून, अर्थात रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत. ड्रायव्हर उतरतो, पुन्हा चढतो आणि चिपची नव्याने ओळख करून घेतो. नव्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा पीएस/२ऐवजी आय-टू-सी जोडणी असते. तिथे ड्रायव्हरचं नाव वेगळं.

रोज टंकायचा कंटाळा येणारच. लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या ‘सिस्टम-स्लीप’ फोल्डरमध्ये याच आज्ञांची, आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट ठेवता येते. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमने तर आपल्या पीएसएम या पीएस/२ ड्रायव्हरच्या मॅन्युअलमध्ये ही अडचण मान्य करून, जाग येताच टचपॅड नव्याने सुरू करणारी खूण (फ्लॅग) दिली आहे.

टचपॅड बदलायला पैसे मोजण्याआधी लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करून पाहा. बाण हलला, तर टचपॅड शाबूत आहे.