लाकडाच्या पोटातला पीळ

कवळ्या झाडाची चौकट वर्षभरात वाकली, की आपण सुताराला बोल लावतो. ओलं लाकूड वापरलं तर ते वाकणारच; पण दुसरं कारण लाकडाच्या पोटात असतं. पेशींच्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारे बारीक धागे दोरीच्या पिळासारखे तिरपे गुंडाळलेले असतात. तिरपेपणा जास्त असेल तर लाकूड लवतं, लांबीतही आकसतं. कमी असेल तर ताठ राहतं.

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात हे मोजायला सिल्व्हिस्कॅन नावाचं यंत्र आणलं. झाड पाडायचं नाही. गिरमिटानं बोटाएवढी कांडी काढायची, तिच्या पातळ पट्टीतून क्ष-किरण सोडायचे. किरण कसे विखुरतात त्यावरून धाग्यांचा कोन कळतो. रेडिआटा पाइनमध्ये खोडाच्या मध्याजवळ तो ३० अंशांच्याही वर जातो, सालीकडे बराच उतरतो. म्हणजे झाडानं पहिल्या वर्षांत घातलेलं लाकूड कच्चंच!

आपल्या साग-निलगिरीचे आकडे वेगळे येतील. तरी सात-आठ वर्षांच्या झाडात बहुतेक हे मधलंच लाकूड भरतं. ते बल्ली-वाशाला द्यावं. चौकटीचा भाव हवा असेल तर विरळणी करून थांबावं, आणि कापताना मधला भाग वगळायला सांगावं.